खात्यात बांधलेले बैल

माझ्या बायकोला परदेशी पाहुणी म्हणून पाठवायचं होतं, आणि तिचा खर्च मला झेपतो हे मला सिद्ध करून दाखवायचं होतं. मला सुरुवातीला हे सोपं वाटलं. लग्न झाल्यापासून तिचा खर्च मीच करतो आहे, किंवा ती म्हणते तसं, माझा पगार ती चालवते आहे. मग यात सिद्ध काय करायचं?

मी घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात फिटर आहे. निवृत्तीला आता थोडेच दिवस राहिलेत. क्वार्टरच्या खिडकीवरची धूळ बायको सकाळी पुसते आणि संध्याकाळी ती परत येऊन बसते. खिडकी उघडी कोणी ठेवली यावरून आम्ही इतकी वर्षं भांडत आलोय की उद्या धूळ बंद झाली तर बोलायला विषय उरणार नाही. गाव आमचं वैनगंगेपलीकडं, गडचिरोली जिल्ह्यात. तिथं मोठा भाऊ धान करतो. माझ्या वाट्याच्या धानाच्या बांधीतही तोच करतो आणि वर्षाचा तांदूळ पाठवतो. आम्हाला एकच मुलगी. शिकायला म्हणून परदेशी गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि लग्नापुरती इथं येऊन नवऱ्यासह परत गेली. जावई भला माणूस आहे. त्या देशाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आमच्या घरात त्याला नुसतं ‘तिकडं’ म्हणतात.

तर तिकडं, आदल्या वर्षी, मुलीचं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आम्हाला ते फोनवर कळलं. मुलगी रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बायकोनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. ती म्हणाली, “पुढच्या बारीनं मी येईन माय. काई झालं तरी येईन.” मी बाजूलाच उभा होतो. बायको असं वचन सहजी देत नाही. भाजीवाल्यालाही ती ‘उद्या पाहू’ म्हणते.

पुढची बारी लवकर आली. या खेपेला तिथल्या डॉक्टरनं मुलीला विमानात बसायला साफ मनाई केली. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं उठून लेकीकडं जायला हवं, इतका सरळ हिशेब. जावयाचं काम नेमकं त्याच वर्षी सुटलेलं, म्हणून त्यांच्या कागदांवर भागेना. पैशाचं बळ इथून दाखवावं लागणार होतं, म्हणजे मला.

चंद्रपूरला मोबाइलच्या दुकानावर व्हिसा काढून देणाऱ्या एका एजंटचं ऑफिस आहे. पोरगेलासा, पण टाय बांधणारा. आम्ही दोघं त्याच्यासमोर जाऊन बसलो. मला वाटलं होतं, दोघंही जाऊ. तो म्हणाला, “काका, तुम्ही नका जाऊ. दोघंही गेले तर तिकडच्यांना वाटते, हे आता परत येत नाई. एक जण इथं पायजे.” आणि मग तो फॉर्म भरू लागला. बायकोचा व्यवसाय काय, त्यानं विचारलं. मी म्हणालो, गृहिणी. उत्पन्न? मी म्हणालो, नाही. त्यानं शून्य टाकलं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. “काईच नाई?” ती म्हणाली.

“कागदावर नाही वं.”

“धानाचे रोवने केले ते? शिलाई केली ते? तुमचा कारखाना बंद होता तवा घर काय हवेवर चाललं?”

एजंट हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. ती हसली नाही. जिना उतरताना मात्र म्हणाली, “जाऊ द्या. शून्यानं जाता येत असन तर शून्य लिवा.”

मग कागद गोळा करण्याचं काम सुरू झालं. पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचा उतारा, शेताचा सातबारा. आम्ही नवराबायको आहोत याचा पुरावा मागितला तेव्हा मी चिडलोच. मांडवातल्या लग्नाचं प्रमाणपत्र आमच्या काळी कोण काढत होतं? एक फोटो सापडला, त्यात मी घाबरलेला दिसतो आणि ती मुंडावळ्यांमागं दिसतच नाही. शेवटी गावच्या ग्रामपंचायतीतून दाखला आणला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण ग्रामसेवकानं बाळंतपणाचं ऐकून त्याच दिवशी दिला. मला अजून त्याचं कौतुक वाटतं.

अडलं ते बँकेच्या खात्यापाशी. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज नुकतंच फिटलं होतं. फिटलं याचा आनंद होता, पण त्या फेडण्यानं खातं पार वाळून गेलं होतं. पगार यायचा आणि महिना संपता संपता जायचा. एजंट म्हणाला, “काका, बॅलन्स दिसला पायजे.” दिसला पायजे, हा त्याचा शब्द. तो मी फोनवर मोठ्या भावाला जसाच्या तसा सांगितला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

यासाठी आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. ट्रॅक्टर यायच्या आधीची गोष्ट. सोयरीक ठरवताना मुलीकडचे मुलाचं घर पाहायला यायचे. घर म्हणजे भिंती नव्हेत, गोठा पाहायचे. मग ज्याच्याकडं एकच जोडी, त्याच्या गोठ्यात त्या दिवशी शेजारी आपली जोडी आणून बांधायचे. पाहुण्यांना गोठा भरलेला दिसायचा. याला कोणी लबाडी म्हणत नसे. उद्या त्याच्या पोराचं ठरायचं तेव्हा आपली जोडी त्याच्या गोठ्यात.

माझं लग्न ठरताना हेच झालं. सासरे घर पाहायला आले तेव्हा आमच्या गोठ्यात शेजाऱ्याची पांढरी जोडी बांधलेली होती. पाहुणे जेवायला बसले, संध्याकाळ झाली, आणि त्यातल्या एका बैलानं दावं सोडवून घेतलं. तो अंगणातून, पंगतीच्या समोरून, सावकाश चालत शेजारच्या फाटकात गेला आणि तिथं उभा राहून हंबरू लागला. माझ्या बापाचा घास हातात राहिला. मला वाटलं, मोडलं लग्न. सासऱ्यांनी बैलाकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं, आणि वरण मागून घेतलं. “ज्याच्या घरी शेजारी बैल बांधते,” ते म्हणाले, “त्याच्या घरी पोरगी उपाशी नाई राहत.” सोयरीक त्याच पंगतीत ठरली. बायको अजून मला चिडवते की तिचं लग्न खरं म्हणजे त्या बैलाशी ठरलं होतं.

तर ‘बॅलन्स दिसला पायजे’ ऐकल्यावर भाऊ दुसऱ्या दिवशी एस.टी.नं घुग्घुसला हजर. चहाही घेतला नाही. म्हणाला, “पावने पाहाले येऊन राह्यले, अन् गोठा खाली दिसावा का? बैल बांधून टाकू.” धान विकल्याचे पैसे तो माझ्या खात्यात टाकणार होता, काम झालं की परत घेणार होता.

बायको दारात उभी होती. तिला हे पटलं नाही. “भाऊजी, सगळे सोंग आनता येते, पैशाचं सोंग नाई आनता येत.”

“हे सोंग नोहे बाई,” भाऊ म्हणाला. “माहे पैसे काय अन् याचे काय. कोनी परक्याचे आनून राह्यलो का?”

खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. मी कोणाकडं कधी हात पसरला नाही याची मला मोठी घमेंड होती, आणि इथं न पसरता लोक येऊ लागले. भावानं टाकले. बायकोच्या भावानं टाकले. आमच्या शिफ्टमध्ये भिसी चालते, त्या महिन्यात ज्याचा नंबर लागला होता त्यानं भिसी उचलून तशीच माझ्या खात्यात भरली. बायकोच्या बचत गटातल्या बायका एकदम आल्या, त्यांनी थोडे थोडे करून दिले आणि लेकीला काय खायला द्यायचं यावर दुपारभर बोलत बसल्या. आठवड्याभरात खातं असं भरलं की बँकेतल्या मॅडमनं मान वर करून माझं तोंड पाहिलं.

खातेउतारा हातात आला तेव्हा मी तो बायकोला वाचून दाखवला. एकाखाली एक नावं होती. लग्नात आहेर मांडावा तसं वाटत होतं. “पाह्य,” मी म्हणालो, “किती माणसं उभी आहेत तुझ्यामागं.” तिनं नावं पुन्हा वाचायला लावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एजंटनं सगळ्यात खालचा आकडा पाहिला आणि ‘मस्त, काका’ म्हणून फाईल बंद केली.

बोटांचे ठसे द्यायला आम्ही नागपूरला गेलो. येताना बायकोनं बाळासाठी सुती कापड घेतलं नाही. म्हणाली, नवं कापड लेकराला टोचतं. घरी येऊन तिनं तिची जुनी मऊ झालेली लुगडी फाडली, दुपटी शिवली, धुऊन वाळवून पिशवीत भरली. पिशवी खाटेखाली ठेवली. मेथीच्या लाडवांचं सामान आणून ठेवलं, पण लाडू केले नाहीत. तारीख कळली की करीन, ताजे जातील, असं तिचं म्हणणं. तिकडच्या थंडीसाठी माझ्या शिफ्टमधल्या एकानं त्याचं जाड जाकीट आणून दिलं. ते घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि इतकी हसली की खाली बसली. मला तिचं ते हसणं आठवतं, कारण त्यानंतर घरात बरेच दिवस कोणी हसलं नाही.

उत्तर आलं ते नकाराचं होतं. ते इंग्रजीत होतं. मुलीनं फोनवर वाचून मराठीत सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता, मागल्या वर्षीसारखा. खात्यात अर्जाच्या तोंडावर मोठ्या रकमा आल्या, त्या कुठून आल्या ते कळत नाही. खर्च उचलणाऱ्याची खरी ऐपत दिसत नाही. आणि मुदत संपल्यावर अर्जदार बाई परत जाईल, अशी त्यांची खात्री पटत नाही.

परत जाईल! ही बाई तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नातून दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली होती, का तर घरी दुधाला विरजण लावायचं राहिलं होतं.

एजंटकडं गेलो तर तो म्हणाला, “काका, आठवडाभरात एवढे पैसे आले तर त्यांना वाटतेच ना, हे दाखवायला आणले म्हणून. मला आधी सांगायचं ना.” मी त्याला विचारलं, मस्त कोण म्हणालं होतं? तो खाली पाहू लागला. त्याच्यावर ओरडून मला काही बरं वाटलं नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं तर मी मशीनलाही शिव्या देतो, आणि मग पाना घेऊन बसतो. इथं शिव्या द्यायला कोणी नव्हतं आणि पाना लावायला नट नव्हता. एक पत्र आलं होतं, त्याला उलट उत्तरही देता येत नव्हतं. घरी येऊन मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, तोही सगळ्या गोताला सोबत घेऊन.

मुलगी म्हणाली, “बाबा, पुन्हा अर्ज करू. पैसे कोणाचे, कशाचे, ते लिहून द्या. प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र घ्या. भेट दिली असेल तर भेट, कर्ज असेल तर कर्ज.”

भाऊ गडचिरोलीला कचेरीसमोर बसणाऱ्या एका वकिलाकडं गेला. तिथून त्यानं मला फोन लावला. मागं एस.टी.चा हॉर्न वाजत होता.

“अरे, हा विचारून राह्यला, बक्षीस दिले का उसने दिले?”

“मग काय सांगतलं?”

“बक्षीस कसं म्हनू? परत घेनार आहो ना. उसने म्हनलं तर तू कर्जात दिसशीन. मी म्हनलं, दोन्ही नोहे. नुसते बांधले होते. तो म्हनते, असा कागद नाई राहत.”

मग त्यानंच विचारलं, “मायावाल्यानं बिघडलं का रे?”

“नाही दादा,” मी म्हणालो. “तुझ्यानं काही नाही बिघडलं.” आणि ते मी मनापासून म्हणालो. पण तो त्या दिवसापासून बायकोशी फोनवर बोलायचं टाळू लागला. बायको त्याला निरोप धाडायची, भाऊजींना म्हणा मले राग नाई. तो ‘हाव’ म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

ज्याचे त्याला पैसे परत केले. बचत गटातल्या बायकांनी घेताना आधी नको म्हटलं, त्यांना वाटलं आम्ही रागावलो. खातं पुन्हा होतं तसं झालं. दुसरा अर्ज आम्ही जे होतं तेवढ्यावर केला. माझी नोकरी, माझा फंड, शेताचा तुकडा, आणि मी हातानं लिहिलेलं एक पत्र. त्या पत्रात आधीच्या पैशांचं सांगायचं होतं. मी गोठा लिहिला, बैल लिहिले, सासरे काय म्हणाले तेही लिहिलं. मुलीनं इंग्रजी करताना बैल काढून टाकले. “बाबा, त्यांना नाही समजणार.” तिच्या जागी मीही काढले असते. पण बैल काढल्यावर त्या पत्रात काही उरलं नाही. नातेवाइकांनी तात्पुरती मदत केली होती, एवढंच उरलं. ते वाचून मीच मला व्हिसा दिला नसता.

मग वाट पाहणं. अर्जाची स्थिती फोनवर पाहता येते. शिफ्टला जाताना पाहायचो, येऊन पाहायचो. विचाराधीन. बायको विचारायची नाही, फक्त मी फोन खिशात टाकताना माझ्या तोंडाकडं पाहायची. दर थोड्या दिवसांनी ती खाटेखालची पिशवी काढून दुपट्यांना ऊन दाखवायची आणि पुन्हा घड्या घालून ठेवायची. धुळीमुळं ती पुन्हा धुवावी लागायची. एकदा मी म्हणालो, अगं, तिकडं मिळतं सगळं. ती म्हणाली, “तिकडं सगळं भेटते, आई नाई भेटत.” मला तेव्हा स्वतःचा फार संताप आला होता. तीस वर्षं भट्टीजवळ घाम गाळून माझी ऐपत काय, तर बायकोला लेकीपर्यंत पोचवता येत नाही एवढी.

मूल वेळेच्या आधीच झालं. मुलगी. दोघी सुखरूप. बातमी आली तेव्हा अर्ज विचाराधीनच होता. बायकोनं देवापुढं साखर ठेवली आणि मग ओट्याशी पाठ करून बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही, पण वळलीही नाही. “एकटीच होती ना जी,” ती म्हणाली. “याही बारीनं एकटीच होती.” जावई होता, नर्सा होत्या, हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मुलगी बाळाला आंघोळ घालायला घाबरू लागली. वेळेआधीचं लेकरू, मुठीएवढं. तिथली नर्स टब दाखवून गेली होती, पण मुलीला वाटायचं, हातातून निसटेल. तिची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. एका संध्याकाळी तिनं व्हिडिओ लावला आणि म्हणाली, “आई, तू कशी घालायची? पायावर घेऊन? दाखव ना.”

बायको पदर खोचून न्हाणीत पाटावर बसली. पाय लांब केले, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. फोन मी उलट्या बादलीवर, भिंतीला टेकवून ठेवला. तिकडं मुलगीही तशीच बसली होती, पाय लांब करून, बाळ पायांवर. मी म्हणालो, थांब, परसातला कोहळा आणतो, समोर काही असलं तर दाखवायला बरं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जागेवरच थांबलो. “लेकराच्या जागी कोहळं ठेवत असते का? कोहळं बळी द्याले असते. आना पानी.”

मग तिनं रिकाम्या पायांवर दाखवायला सुरुवात केली. डोकं इकडं, पावलांकडं. मान अशी धरायची, अंगठा कानामागं, कानात पाणी नको. तेल आधी पाठीला. तिचे हात हवेत इतके नेमके फिरत होते की मला खरंच वाटलं, खाली काहीतरी आहे. तिकडून मुलगी ‘असं का, आई?’ विचारत होती, आणि ही ‘हलक्या हातानं वं, हलक्या हातानं’ म्हणत होती. बाळ आधी रडलं, मग गप्प झालं.

“आता पानी घाला,” ती मला म्हणाली.

मी तांब्या भरून तिच्या पायांवर ओतला. तिनं पाय चटकन आखडून घेतले.

“कढत आहे जी! लेकराले पोळंल ना.”

भट्टीच्या कामानं माझ्या तळहातांना गरम-थंड नीट कळत नाही. मी घंगाळात गार पाणी मिसळलं. कोपर बुडवून पाहिलं. पुन्हा थोडं गार घातलं आणि पुन्हा पाहिलं. तिनं पाय लांब केले. मग मी तिच्या रिकाम्या पायांवर हळूहळू पाणी सोडलं, तोंडावर जाऊ नये म्हणून मधे आडवा हात धरून.